आधी जमीन, मग तार

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि एरवी त्याला न सांगितलेलं माझ्याकडे काही शिल्लकच राहत नाही. भाजीवाली आज काय म्हणाली इथपासून सगळं त्या बिचाऱ्याला ऐकावं लागतं. पण हे नाही सांगितलं. दोनतीनदा अगदी ओठांवर आलं, मग चहाचं निमित्त करून उठले. आज तुम्हांला सांगते आहे. तुम्हांलाच का? कदाचित तुम्ही गुलाबकाकांना ओळखत नाही म्हणून.

आधी माझा स्वभाव सांगायला हवा. घरात मला ‘चौकशी समिती’ म्हणत. हे असं का, ते तसं का — दिवसभर चालायचं. सातवीत असताना मी घरातला टेबलफॅन उघडला होता. बिघडला नव्हता तो. फिरतो कसा, एवढंच पाहायचं होतं. मग तो खरंच बिघडला. आई म्हणाली, हिला कुठेतरी शिकायला घाला, नाहीतर घरात एक वस्तू धड राहायची नाही. तशी मी आयटीआयला इलेक्ट्रिशियनच्या वर्गात गेले. आम्ही मुली दोनच होतो. पुढे दिग्रसला कापसाच्या एका जिनिंगमध्ये वायरमन म्हणून लागले, अजून तिथेच आहे.

स्वभाव अशासाठी सांगितला, की जे केलं ते मी कुतूहलापोटी केलं असं मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आले. त्यात थोडं खरं आहे. किती खरं आहे, तेच तर मला तपासायचं आहे.

जिनिंगमध्ये माझ्या वीस वर्षं आधीपासून गुलाबकाका होते. जवळच्या बंजारा तांड्यावरचे. घरी गोरबोली, कामावर आमची वऱ्हाडी, आणि मोटर ऐकेनाशी झाली की तिच्याशी हिंदी. शिक्षण सातवीपर्यंत. स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरच्या बेअरिंगवर टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. मग सांगायचे, आठ दिवस चालेल, किंवा आज संध्याकाळीच बसेल. कधी चुकले नाहीत. मला त्यांनी पहिल्या दिवसापासून ‘मास्तरीण’ म्हणायला सुरुवात केली, कारण माझ्या पिशवीत पुस्तक होतं. बाकीचे लोक मला बॅटरी धरायला उभं करत. काकांनी पहिल्याच आठवड्यात पक्कड माझ्या हातात दिली आणि स्वतः बॅटरी धरली.

आम्ही दोघांनी सुपरवायझरची परीक्षा द्यायचं ठरवलं. वायरमनच्या वरची पायरी ती. पास झालं की मोठ्या दाबाच्या लाइनवरचं काम आपल्या सहीने करता येतं. तोवर काम आपलं आणि कागदावर सही दुसऱ्याची. काकांच्या वीस वर्षांच्या कामाखाली दुसऱ्याचीच सही होती. ते एकदा मला म्हणाले होते, नातवाला दाखवायला कुठे तरी आपलं नाव पाहिजे. बस, एवढंच म्हणाले होते.

उन्हाळ्यात कापूस संपतो, जिनिंग थंड पडतं. दुपारी वजनकाट्याच्या खोलीत आम्ही अभ्यासाला बसायचो. मी वाचायची, काका ऐकायचे. मराठी वाचायला त्यांना वेळ लागे. बोट ठेवून वाचत. म्हणून ठरलं असं, की पुस्तक मी सांभाळायचं आणि हाताचं काम त्यांनी शिकवायचं. प्रत्येक गोष्टीवर ते आधी आपलं सांगत आणि मग विचारत, “आता तुहं पुस्तक काय म्हन्ते?” पुस्तकही तेच म्हणत असलं की मांडीवर थाप मारून हसत. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा कसा भरायचा, आपल्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा गेल्या की त्यात पाणी का घालायचं — हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं, आणि पुस्तकात ते जसंच्या तसं होतं. किती खूश व्हायचे! जणू पुस्तक लिहिणारा त्यांच्याच तांड्यावर येऊन विचारून गेला होता.

आणि इथेच माझ्या डोक्यात ती अळी शिरली. पुस्तक आणि काका जुळले नाहीत, तर? काका कोणाचं ऐकतील — हाताचं की छापलेल्या अक्षराचं? मला खरंच पाहायचं होतं. टेबलफॅनसारखंच. चालणारी वस्तू उघडून पाहायची खोड.

आता थोडं कामाचं सांगते, फार नाही. मोठी लाइन बंद केली तरी तारेत वीज राहिलेली असू शकते, किंवा चुकून कुणी मागून चालू करू शकतं. म्हणून हात लावण्याआधी एका लांब दांड्याने तार जमिनीला जोडून घेतात. दांड्याला एका टोकाला आकडा असतो, त्यातून निघालेल्या जाड वायरच्या दुसऱ्या टोकाला क्लॅम्प. आधी क्लॅम्प जमिनीच्या पट्टीला, मग आकडा तारेला. काढताना उलट. क्रम चुकला तर तारेतली वीज आपल्या अंगातून जमीन शोधते. काका हे चार शब्दांत शिकवायचे, पयले जमीन, मंग तार. मलाही त्यांनी असंच शिकवलं होतं.

त्या दुपारी ते पान आलं. काकांनी आपलं सांगितलं आणि विचारलं, पुस्तक काय म्हणतं. माझ्या डोळ्यांसमोर स्पष्ट लिहिलेलं होतं. आणि मी म्हणाले, “पुस्तकात उलटं देलं हाये काका. पयले तार, मंग जमीन.”

मी वाट पाहत होते. आता ते भांडतील, पुस्तक हिसकावून बोट ठेवून वाचतील, मी हसेन, तेही हसतील. तसं झालं नाही. ते थोडा वेळ दाराबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, “म्हंजे आपुन वीस वर्सं चुकूनच राह्यलो.” खिशातली छोटी डायरी काढली आणि एकेक अक्षर जोडत ते लिहून घेतलं.

मी तेव्हाच का नाही सांगितलं? सांगणार होते — चहाच्या वेळी. चहाच्या वेळी ते इतके गप्प होते, की मला अजूनच नवल वाटायला लागलं. माणूस वीस वर्षांचा हात एका वाक्यासाठी सोडून देतो? माझ्या वाक्यासाठी? खरं सांगू, थोडं बरं वाटलं. जिथे माझं कुणी फारसं ऐकून घेत नसे, तिथे इतका मोठा कारागीर माझ्या शब्दावर चालला होता. म्हटलं, उद्या सांगू.

उद्याचे चार दिवस झाले. आणि चौथ्या दिवशी मॅनेजरसाहेबांनी आम्हां दोघांना बोलावून सांगितलं, की नवीन पॅनल बसतंय, त्यावर पुढच्या हंगामापासून परवान्याचा सुपरवायझर लागेल. जागा एकच. तुमच्यापैकी जो पास होईल तो. दोघंही झाले तर काका सीनियर आहेत, काका.

बाहेर आल्यावर काका म्हणाले, मास्तरीण, तू हुशार आहेस, तुला काय, दहा जागा मिळतील. त्यांना मला धीर द्यायचा होता. मी मान हलवली. आणि त्या दिवसानंतर माझं ‘उद्या सांगू’ बंद झालं.

मी पुष्कळदा मोजून पाहिलं आहे — पहिले चार दिवस कुतूहल, आणि नंतरचे जवळजवळ दोन महिने? त्याला काय नाव द्यायचं? नाव मला माहीत आहे. तुम्हांलाही कळलं असेल. पण पहिले चार दिवस तरी स्वच्छ होते का, हाही प्रश्न आहेच. नव्या पॅनलची कुणकुण मला आधीच लागली होती. चौकशी समिती ना मी.

त्या दोन महिन्यांत जिनिंगमध्ये कुठे दांडा वापरायची वेळ आली, की मी स्वतः पुढे जाऊन लाइन बंद आहे का ते दोनदा पाहून यायची. काकांना काही होऊ नये म्हणून. म्हणजे बघा, काय होऊ शकतं हे मला पुरतं ठाऊक होतं. दुरुस्ती करताना काकांचा हात आपसूक आधी क्लॅम्पकडे जायचा. ते थांबायचे, स्वतःशी हसायचे आणि म्हणायचे, हात आयकत नाई. एकदा मी त्यांच्या घरी जेवायला गेले होते. त्यांची सून वाढता वाढता हसून सांगू लागली, की मामंजी रोज सकाळी अंगणात वेळूची काठी घेऊन उभे राहतात, काठी वर लावतात, मग खाली वाकतात. लेकरं म्हणतात आजा कसरत करतो. काका लाजले. मी भाकरीचा तुकडा मोडत राहिले. तेव्हा तिथे सांगता आलं असतं. सगळं घर समोर होतं म्हणून नाही सांगितलं — असं म्हणते मी. मग जिथे फक्त आम्ही दोघं होतो, तिथे कुठे सांगितलं?

लेखी परीक्षा दोघंही पास झालो. प्रात्यक्षिक आणि तोंडी यवतमाळला होती. आम्ही सकाळच्या एसटीने निघालो. काकांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. दारव्हा गेलं, बोरी अरब गेलं, यवतमाळ जवळ आलं. जवळजवळ दोन तास ते माझ्या शेजारी डायरी उघडून ओठ हलवत बसले होते. दोन तास म्हणजे किती वेळ असतो! एक वाक्य बोलायला किती लागतो? मी खिडकीतून कापसाच्या पराटीची शेतं बघत बसले.

वर्कशॉपमध्ये त्यांचा नंबर माझ्याआधी लागला. मी भिंतीलगत बाकावर बसले होते, सगळं दिसत होतं. परीक्षकांनी दांडा दिला आणि लाइन सुरक्षित करा म्हणून सांगितलं. काकांनी क्लॅम्प उचलला आणि झटकन पट्टीला लावला. अगदी बरोबर. माझा जीव भांड्यात पडला. खरंच पडला, एवढं तरी माझ्या बाजूचं खरं आहे.

मग ते थांबले. लावलेल्या क्लॅम्पकडे पाहिलं. तो काढून घेतला, जमिनीवर ठेवला, दांडा उचलून आधी आकडा तारेला अडकवला आणि मग वाकून क्लॅम्प लावला.

परीक्षकांनी विचारलं, आधी बरोबर केलं होतं, काढलं का?

काका म्हणाले, “हाताले चुकीची सवय लागली साहेब. पुस्तकात तार पयले हाये.”

कोणत्या पुस्तकात, असं परीक्षकांनी विचारलं. मी तीन हातांवर बसले होते. काकांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, आपल्याच वाचण्यात आलं होतं. परीक्षकांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि त्यांना बसायला सांगितलं. मग माझं नाव पुकारलं. मी उठले, आधी क्लॅम्प लावला, मग आकडा. परीक्षक म्हणाले, छान, कोणी शिकवलं? मी म्हणाले, आयटीआयला.

निकाल काय लागला असेल ते सांगायला नको. काका मला पेढे घेऊन आले. मी पास झाले, आणि पेढे त्यांनी आणले. जाताना म्हणाले, ते पुस्तक चार दिवस दे, पुन्हा बसायचं मनात आहे. नाही कसं म्हणणार? दिलं.

त्यांनी ते आठ दिवस ठेवलं. बोट ठेवून वाचलं असणार, त्या पानापर्यंत. परत आणून दिलं तेव्हा आम्ही वजनकाट्याच्या खोलीतच होतो. त्यांनी पुस्तक टेबलावर ठेवलं. त्या पानात दिग्रस ते यवतमाळचं एसटीचं तिकीट खुणेला घातलेलं होतं. वाटलं, आता विचारतील. विचारावं असंही वाटलं — एकदाचं काय ते होऊन जाईल.

काका म्हणाले, “पुस्तकात पयले जमीनच हाये वो. म्या नीट पाह्यलं.” मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “तुह्याकून वाचाले चुकलं असन. अक्षर लयच बारीक हाये.”

दार उघडून दिलं होतं त्यांनी मला. बाहेर पडायचं की लपायचं, ते माझ्यावर सोडून. मी म्हणाले, “हो काका, चुकलं माह्याकून.”

ते हसले. आपला चहा संपवला, पुड्यातलं एक बिस्कीट माझ्यापुढे सरकवलं आणि गेले. परीक्षेला पुन्हा बसले नाहीत. पुढच्या हंगामाला जिनिंगवरही आले नाहीत. तांड्यावर विहिरींच्या मोटारी दुरुस्त करतात, तुरीत राबतात. बाजाराच्या दिवशी दिग्रसला आले की गेटवर डोकावतात, मास्तरीण आहे का विचारतात. नातू आता मोठा झाला आहे. एकदा त्याला सोबत घेऊन आले होते. ऑफिसच्या भिंतीवर माझा परवाना काचेत लावलेला आहे. काकांनी त्याला तो दाखवला आणि सांगितलं, हे बघ, आपल्या मास्तरीणबाईचं नाव.

त्यांना कळलं होतं का, हे मी वर्षानुवर्षं स्वतःला विचारत आले. माझ्यासारख्या चौकस बाईने ही एवढी एक चौकशी कधी केली नाही, करायची हिंमत झाली नाही. पण विचारायचं तरी काय? बिघाड कानाने ओळखणारा माणूस तो. माझ्या आवाजात ऐकला असणार.

ते पुस्तक अजून माझ्याकडे आहे. आज हे लिहायला बसण्याआधी पुन्हा उघडलं. तिकिटावरची शाई उडाली आहे, पान तेच आहे. त्यातलं अक्षर बारीक नाही. तेव्हाही नव्हतं. मी नीट वाचलं होतं.