उल्हासनगरच्या केबलवर एक संध्याकाळ

पुण्याहून निघताना माझ्याजवळ दोन पेट्या होत्या. एकीत माझे कपडे आणि दुसरीत आमच्या संस्थेला परदेशातून भेट मिळालेला व्हिडिओ कॅमेरा. दुसरी पेटी पहिलीपेक्षा जड होती, आणि तिच्यातील वस्तूविषयी मला फारच थोडी माहिती होती. कर्जतला गाडी बदलताना एका सद्गृहस्थांनी ती उचलून दिली आणि आदराने विचारले, "भजनाला निघालात का?"

मी "हो" म्हणाले. नाही म्हटले असते तर पुढे बोलावे लागले असते.

माझा हा स्वभाव आधीच सांगितलेला बरा. मी पुष्कळ वर्षे महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवले, तेही बव्हंशी फळ्याकडे तोंड करून. पंचेचाळिशी उलटल्यावर नोकरी सोडली आणि समाजकार्याची पदविका घेतली. पहिल्या दिवशी मला पाहून वर्गातली मुले उभी राहिली. आपण प्राध्यापिका नसून विद्यार्थिनी आहोत, हे त्यांना सांगायचे धैर्य मला मधल्या सुट्टीपर्यंत झाले नाही. अशा व्यक्तीला संस्थेने क्षयरोगावरील फिल्म करण्यास पाठवावे, याला कारण एवढेच की दुसरे कोणी मोकळे नव्हते. बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगर येथे रुग्णांना भेटायचे, औषध मध्येच सोडू नये हे त्यांच्या तोंडून सांगवायचे आणि ती कॅसेट टीव्ही ठेवलेल्या गाडीतून वस्त्यावस्त्यांत दाखवायची, अशी योजना होती. नव्वदीचे दशक नुकतेच सुरू झाले होते. व्हिडिओ दाखवला की समाज सुधारतो, असे तेव्हा आम्हा सगळ्यांनाच वाटत असे.

पहिला मुक्काम बदलापूर गाव. स्टेशनाजवळच्या नव्या इमारती मागे पडून कौलारू घरे आणि अरुंद गल्ल्या सुरू झाल्या, की आपण जुन्या गावात आलो असे समजावे. दवाखान्यातील परिचारिकेने हिराबाई नावाच्या एका वयस्क बाईंकडे माझी सोय केली होती. हिराबाईंनी माझ्याकडे नाही, तर पेटीकडे पाहिले.

"हलद तं परवा हाय. तू आजच आलीस?"

या भागात लग्नापेक्षा हळदीचा सोहळा मोठा, आणि व्हिडिओ शूटिंगवाल्याशिवाय हळद म्हणजे त्या घराची अब्रूच गेली. माझ्या तोंडून 'क्षयरोग' हा शब्द निघेपर्यंत शेजारच्या नवरीच्या आत्या, मावश्या आणि काकू केसांत फुले माळून अंगणात हजर झाल्या होत्या. मी हळू आवाजात खुलासा केला. तो कोणी ऐकला नाही.

"आता आलीस तं काढून जा, बाय," हिराबाई म्हणाल्या. "परवाचा शूटिंगवाला पैसं घेनार हाय. तू तं सरकारी."

मी सरकारी नव्हते. पण तेही सांगायचे राहिले. दुपारभर मी हळद कुटणाऱ्या बायकांचे चित्रण केले. जेवायला तांदळाची भाकरी आणि सुकट (वाळवलेली बारीक कोळंबी) होती. मी शाकाहारी आहे हे सांगण्यास तोंड उघडेपर्यंत सुकट पानात पडले होते. ती भाकरी मी सुकटाच्या कडेकडेने खाल्ली. "शहरातली बाय, चिमनीवानी खातंय," असा अभिप्राय मिळाला.

त्याच संध्याकाळी मी अंबरनाथला माझी वर्गमैत्रीण निर्मला हिच्याकडे गेले. तिचे यजमान कारखान्यात अधिकारी असल्याने घरी मोठा टीव्ही आणि व्हीसीआर होता. आम्ही कॅसेट लावली. पडद्यावर जमीन दिसली. नंतर कोंबडी, नंतर माझी चप्पल, पुन्हा जमीन, आणि मागून माझा आवाज: "माफ करा हं, जरा सरकता का? माफ करा." कॅमेरा चालू असताना तो बंद आहे, आणि बंद असताना चालू आहे, असे मी दिवसभर समजत होते. हळद कुटणारी एकही बाई त्यात नव्हती.

"अगं, तू तर्कशास्त्र शिकवायचीस ना?" निर्मला डोळे पुसत म्हणाली. तिच्या यजमानांना हसू आवरेना म्हणून ते सभ्यपणे गॅलरीत गेले.

दुसऱ्या दिवशी निर्मलाने मला सरावासाठी प्राचीन शिवमंदिरात नेले. दगडी मूर्ती हलत नाहीत आणि माफी मागायला लावत नाहीत, त्यामुळे ते चित्रण उत्तम झाले. तिथून पालेगावात गेलो. भाताची खाचरे अजून होती. पण बांधाबांधांवर चुना लावलेले दगड रोवले गेले होते. तिथल्या ज्या रुग्णाला भेटायचे होते तो घरी नव्हता. मी कॅमेरा खांद्यावर घेऊन उभी राहताच एक मोटरसायकल थांबली.

"मॅडम, पूर्वेकडचा प्लॉट बघायचाय का? पानी चोवीस तास."

निर्मला नसती तर मी तो प्लॉट बहुधा घेऊन आले असते.

अशा रीतीने दोन गावे पालथी घालून, एकाही रुग्णाचा शब्द न मिळवता, मी उल्हासनगरच्या कॅम्प नंबर तीनमध्ये (निर्वासितांच्या जुन्या छावणीचे नाव वस्तीला चिकटलेले) पोचले. तिथल्या गल्ल्यांत दुकानावर दुकान आणि दुकानाच्या पोटात कारखाना. जीन्सच्या पँटींचे निळे डोंगर दारांतून रस्त्यावर आलेले. माणसे सिंधी, हिंदी आणि मराठी एकाच वाक्यात बोलत होती आणि कुणाचे काही अडत नव्हते. अडत होते ते फक्त माझे.

शारदा मला तिथे भेटली. पस्तिशीची, अंगाने काटकुळी, बोलण्यात चटपटीत. एका कारखान्यात ती धागे कापण्याचे काम करी (शिवून झालेल्या पँटींचे लोंबते दोरे कातरायचे). तिच्या केसांत कायम निळा कापूस अडकलेला असे. क्षयाचे औषध ती नेमाने घेत होती, पण चोरून. गोळ्या तांदळाच्या डब्यात तळाशी.

"शेटला सांगितलंय, धुळीचा खोकला आहे," ती म्हणाली. "खरं कळलं तर दुसऱ्या दिवशी माझ्या जागेवर दुसरी. खोलीवाला पण बाहेर काढंल. मुलीला घेऊन कुठं जाऊ? तुम्ही काय ते तिकडं दाखवा, बदलापूरला, अंबरनाथला. इथं कॅम्पात नाय. चालंल?"

"चालेल," मी म्हणाले. "शब्द देते."

मग तिने दार लावून घेतले आणि बोलू लागली. पहिल्या महिन्यात बरे वाटल्यावर औषध सोडले होते ते कसे अंगाशी आले, गोळ्या घेतल्यावर मळमळते तेव्हा काय खावे, रात्री मुलीकडे पाठ करून का झोपते. या वेळी कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला आहे की नाही, हे मी इतक्यांदा पाहिले की शेवटी तीच म्हणाली, "बाई, लागलाय. तुम्ही माझ्याकडं बघा." ते चित्रण इतके सरस झाले की निर्मला ते पाहताना एकदाही हसली नाही.

त्या कॅसेटच्या प्रती काढायच्या होत्या. कॅम्प तीनमधलेच एक दुकान कोणीतरी सुचवले. मालक गोपभाई म्हणजे मूर्तिमंत आतिथ्य. त्यांनी मला बसवून दाल-पकवान (चण्याची डाळ आणि मैद्याची कडक पुरी) खायला घातले आणि सगळे काम विनामूल्य करण्याचे जाहीर केले. "सेवा का काम है, दीदी." ही कॅसेट कोणाला दाखवू नका, हे वाक्य मी मनात जुळवून ठेवले होते. ते औपचारिक आणि थोडे लांब होते. माझ्या तोंडात पकवान होते. वाक्य राहून गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रती घ्यायला गेले तर गोपभाई हर्षभरित मुद्रेने म्हणाले, "दीदी, आपके लिए सरप्राइज! एक कॉपी लछूभाई को दी है, अपना केबलवाला. आज मुंडन के बाद आपकाच प्रोग्राम. पूरा कॅम्प देखेगा, फ्री में!"

त्या बाजारात ही रीतच होती. लग्न, मुंडन (जावळ), वाढदिवस, काहीही असो. कॅसेट तयार झाली की लोक ती हौसेने केबलवर लावून घेत आणि वर त्याचे पैसे देत. कॅसेट केली आहे आणि ती लोकांनी पाहू नये, अशी इच्छा असलेले गिऱ्हाईक गोपभाईंच्या दुकानात तोवर आलेच नव्हते.

शारदाला काय शब्द दिला होता ते मी तुटक हिंदीत सांगितले. गोपभाईंचा चेहरा पडला, पण ते लगेच दुकान तसेच टाकून निघाले. लछूभाईंची केबलची खोली एका इमारतीच्या गच्चीवर, पत्र्याची. आत तारांचे वेटोळे, दोन व्हीसीआर आणि एक टीव्ही. टीव्हीवर एका बाळाचे मुंडन चालले होते आणि खाली अक्षरे सरकत होती: यानंतर पाहा, टीबीवर खास कार्यक्रम.

"काटने को काट दूँगा," लछूभाई शांतपणे म्हणाले. "पर मैडम, सोचो. मेरी भाभी ने बीमारी छुपाई थी. दवा छोड़ दी. गई. ये बाई का प्रोग्राम मैंने देखा है. घर-घर में देखेंगे तो कितने लोग बचेंगे! आपका टीवी-गाड़ी लेके कितने लोग देखते हैं? चालीस?"

चाळीसही नव्हते. खोटे कशाला सांगू, मला मोह झाला. त्यांच्या युक्तिवादात मला एकही दोष काढता येईना, आणि दोष काढणे हाच माझा आयुष्यभराचा व्यवसाय होता. फक्त ती कॅसेट त्यांची नव्हती, आणि माझीही नव्हती.

"तिला विचारू," मी म्हणाले. आवाज एवढा मोठा निघाला की मीच दचकले.

सुदैवाने त्या बाळाला नातेवाईक उदंड होते. एकेक जण येऊन बाळाच्या हातात पाकीट देई आणि कॅमेऱ्याकडे पाहून थांबे. मी धावत शारदाच्या कारखान्यावर गेले आणि तिला घेऊन आले, तरी अजून मामाकडच्या मंडळींची रांग चालली होती. कुणाच्या गोतावळ्याचे मी इतके मनापासून अभीष्ट चिंतिले नव्हते.

दुसऱ्या व्हीसीआरवर लछूभाईंनी तिला तिचे चित्रण दाखवले, केबलवर न सोडता. ती गुडघ्यांवर हात ठेवून पाहत राहिली.

"मी अशी दिसते होय?" ती हळूच म्हणाली. मग, "चांगलं बोलले ना?"

"बहुत अच्छा," लछूभाई म्हणाले. "चेहरा काला कर देता हूँ, कोई नहीं पहचानेगा."

"आवाज ऐकून चाळीतली पोरं पण ओळखतील. शेट तर रोज ऐकतो, त्याच्याशी भांडतेच मी." तिने डोके हलवले. "नको, भाऊ. तुमच्या वहिनीचं वाईट वाटतं. पण उद्या काम गेलं तर गोळी कशाबरोबर खाऊ? पुसून टाका."

लछूभाईंनी कॅसेट बाहेर काढली. "ठीक है. आपकी चीज़ है. पर मुंडन के बाद क्या लगाऊँ? नाम तो चला दिया."

शारदाने माझ्याकडे पाहिले. तिच्यापाठोपाठ गोपभाईंनी. मग लछूभाईंनीही.

"बाईंना बसवा की," शारदा म्हणाली. "एवढं शिकल्यात."

मी नाही म्हणाले. या प्रवासातील माझे ते पहिले स्पष्ट 'नाही', आणि तेच कोणी मानले नाही. कोरी कॅसेट नव्हती. कॅमेरा माझ्याजवळच होता आणि पिशवीत शारदाच्या चित्रणाची मूळ कॅसेट. "माझ्यावरच घ्या," शारदा म्हणाली आणि तिनेच कॅमेरा धरला. मी सुरुवात केली: "क्षयरोग हा जंतुसंसर्गाने उद्भवणारा, परंतु पूर्णतः साध्य असा..."

"बाई, लोक टीव्ही बंद करतील. माझ्याशी बोला."

म्हणून मी तिच्याशी बोलले. खोकला हटत नसेल तर सरकारी दवाखान्यात जा, गोळ्या फुकट मिळतात, बरे वाटले तरी सोडू नका. भीतीने घसा कोरडा पडला होता आणि गच्चीवर धूळ होती. दर दोन वाक्यांनंतर मला खोकल्याची उबळ येई. पुन्हा घेण्याइतका वेळ नव्हता. बाळाच्या शेवटच्या आत्याने पाकीट दिले आणि कॅम्प नंबर तीनच्या घराघरांत मी दिसू लागले: काटकुळी, घामाघूम, खोकणारी आणि टीबीविषयी कळकळीने बोलणारी.

गोपभाईंनी सगळ्या प्रतींवर दुसऱ्याचे लग्न उतरवून घेतले. शारदा कामावर परत गेली. शेटने उशिराबद्दल चार शब्द सुनावले, तिने पाच ऐकवले, असे तिनेच नंतर सांगितले.

सकाळी मी परत निघाले. टपरीवर चहा मागितला तर सगळ्यांना काचेचे ग्लास आणि मला कागदी कप. शेअर रिक्षात बसले. शेजारच्या बाईने माझ्याकडे नीट पाहिले, पदर नाकाला लावला आणि ती उतरली. पलीकडचे गृहस्थही उतरले. रिक्षावाला ओरडत राहिला, "एक सीट, दो सीट," पण कोणी बसेना. उल्हासनगरात शेअर रिक्षात इतकी ऐसपैस जागा मिळालेली प्रवासी मी पहिलीच असेन.

रिक्षा सुटता सुटता एक मध्यमवयीन बाई आत आली आणि मुद्दाम माझ्या बाजूला बसली. रस्त्याकडे पाहतच ती हळू म्हणाली, "ताई, तुम्ही कुठल्या दवाखान्यात जाता?"

मी आधी दवाखान्याचा पत्ता सांगितला. तो तिने दोनदा घोकला. मग मी म्हणाले, "मला तो आजार नाही हो." तिने समजूतदारपणे माझ्या हातावर थोपटले. "नसूं दे. मी पण असंच सांगते सगळ्यांना."

संस्थेत परतल्यावर मी कॅसेट पुढे ठेवली. ती पाहून संचालकांनी विचारले, तीन गावे फिरून शेवटी फक्त तुम्हीच? मी "हो" म्हणाले, आणि या वेळी पुढचेही सगळे सांगितले. त्यांनी चहा मागवला. मला काचेच्या ग्लासात मिळाला. रिक्षातली माझ्या शेजारची ती रिकामी सीट स्टेशन येताच संपली होती. शारदाला तीच सीट रोज मिळाली असती, कारखान्यात, चाळीत, नळावर, आणि तिथे उतरायला तिला कुठलेही स्टेशन नव्हते.