उन्हाकडं धाडलेलं काम

२०२४ साल. मला एकाहत्तरावं लागलं होतं. शाळा चौथीपर्यंतच, पण बोरी बुद्रुकात माझा शब्द कुणी खाली पडू दिलेला नाही.

थंडीत पुण्याहून पोरगा घरी राहायला आला. त्याचं काम लॅपटॉपवर. देशात ठिकठिकाणी कॉम्प्युटरांच्या मोठ्या इमारती आहेत, म्हणाला. त्यांना रातंदिवस वीज लागते. जिथं उन्हाची नाहीतर वाऱ्याची वीज असेल, तिथल्या इमारतीकडं हा काम धाडतो. तेवढा कोळसा जळायचा वाचतो. मी पारावर छाती फुगवून सांगितलं. धाकटा भाऊ तिथंच बसला होता.

आमची विहीर सामाईक, मोटर एक. पाण्याची पाळी आठवड्याची, वडलांनी लावून दिलेली. शेतीची लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. त्यामुळं माझ्या पाळीला कायम दिवस, त्याच्या पाळीला कायम रात्र. शेजारी ऊस, उसात बिबट्या. भावाच्या गोठ्यातली कालवड त्यानं नेली, तेव्हापासून भाऊ रात्री वावरात जात नव्हता. गहू पिवळा पडत चालला होता.

"दादा," तो सगळ्यांदेखत म्हणाला, "पोरगं मशिनींचं काम उन्हाकडं न्हेतंय. तुमी माझी पाळी न्या की उन्हाकडं! दिवसाच्या लाइटीचा निम्मा आठवडा तुमी, निम्मा मी."

लोक हसले. मला झोंबलं.

"मशिनीला बाप नसतो. आपल्याला व्हता. पाळी हलायची न्हाई."

घरी पोरगा म्हणाला, "आबा, काका बरोबर बोलले."

"तू तुझ्या मशिनी हलव. विहीर माझी हाय."

"निम्मी," तो म्हणाला.

भावानं परत विचारलं नाही. येईल, चार शब्द नरमाईनं बोलेल, म्हणून मी लई दिवस वाट बघितली. स्वतः गेलो नाही. मग एका सकाळी त्यानं धनगराला बोलावून उभ्या गव्हात मेंढरं घातली. माझ्या बांधावरून मी बघत होतो. त्यानं मान वर केली नाही.

दुपारच्या एसटीनं पोरगा निघाला. "अनोळखी गावांशी माझं जमतंय, आबा," म्हणाला. "तुमचं पाठच्या भावाशी जमंना."

दुसऱ्या दिवशी सकाळी लाइट आली. पाळी माझीच होती. मी मोटर चालू केली आणि कांद्याला पाणी धरलं.