ओढ्यापलीकडचा धूर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सुनंदाला तर नाहीच. आज तुम्हाला सांगतेय — का, ते मला तरी कुठे ठाऊक आहे?

रावेरच्या पुढे आमचं गाव, महाराष्ट्राच्या अगदी कडेला. गावामागे ओढा, ओढ्यापलीकडे मध्य प्रदेश. नव्वदच्या आसपासची गोष्ट. दुपारी केळीच्या बागेत हिरवट उजेड पडायचा, आणि त्या उजेडात मी आणि सुनंदा धुळ्याला पोचलेल्याही असायचो — एक खोली, दोन खाटा, खिडकीत तुळस. हसू नका, तुळससुद्धा ठरली होती.

बारावीनंतर वडिलांनी मला पुढे शिकायला नाही म्हटलं. सुनंदाचा नंबर मात्र धुळ्याला फार्मसीला लागला. तिचं घर आमच्या शेजारीच, जन्मापासूनचं. पण शेत ओढ्यापलीकडे आणि रेशनकार्डही तिकडचं, म्हणून रहिवासी दाखल्यासाठी चौकशी लागली. दाखला नाही तर ती परराज्यातली. आणि परराज्यातल्या मुलीची फी तिच्या आबांच्या आवाक्यातली नव्हती.

केळी कापायच्या दिवसांत तिच्या घरचे सगळे पलीकडे शेतातल्या झोपडीत मुक्कामाला असत. जाताना ती मला बजावून गेली होती — तलाठी आले तर ओढ्यावरून हाक मार, मी पळत येते.

तलाठी आले. तिच्या दाराला कुलूप. त्यांनी मला विचारलं, ही माणसं राहतात कुठे?

त्या वेळी मी काय बघत होते, सांगू? पलीकडे तिच्या चुलीचा धूर. सरळ वर चाललेला, निवांत. एक हाक पुरली असती. पण मला ती धुळ्याची खोली दिसली. एकच खाट — आणि तुळशीला पाणी घालणारी ती, एकटीच.

मी बोट केलं. "तिकडेच राहतात, भाऊ. चूल तिकडेच पेटते त्यांची."

त्यांनी लिहून घेतलं. खाली साक्षीदार म्हणून मी सही केली. माझं अक्षर तेव्हा फार चांगलं होतं.

आबा दोनदा तहसिलीत जाऊन आले. दाखला काही मिळाला नाही. सुनंदाला वाटलं, तलाठ्यांनी धूर पाहिला आणि परस्पर ठरवून टाकलं. महिनाभर ती त्या चुलीलाच बोल लावत राहिली. मी शेजारी बसून तिची वेणी घालत होते आणि — खरं सांगू? — मला आनंद झाला होता. ती राहिली म्हणून.

पुढे दोघींची लग्नं जवळच्या सावद्यातच झाली. कुणाच्याही गोळ्यांचं पाकीट हाती आलं की ती अजून मागची बारीक अक्षरं वाचत बसते. परवा तिच्या ओसरीवर माझ्याच गोळ्यांचं पाकीट वाचता वाचता म्हणाली, "धुळं गेलं, पन तू व्हती म्हनून मी टिकली वं."

मी "हो" म्हणाले.