भर उन्हात घासलेली बस

ते प्रकरण आठवले की अजूनही माझे डोके तापते. रायपूर नुकतेच छत्तीसगडची राजधानी झाले होते आणि मी उरला नावाच्या औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यावरच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. नव्या राजधानीत जो तो कोणाच्या तरी ओळखीचा होता, आणि ते पोलिसांना ऐकवल्याशिवाय कोणाला चैन पडत नसे.

मे महिन्यातल्या एका सकाळी रोलिंग मिलची पाळी संपवून सायकलवर निघालेल्या कामगाराला एका मोठ्या गाडीने उडवले. गाडी पळाली. मागून येणाऱ्या टिप्परच्या चालकाने उतरून जखमीला उचलले, तर जमलेल्या लोकांनी त्यालाच धरून बडवले. कामगार दवाखान्यात दगावला आणि चालक माझ्या कोठडीत आला. भंडाऱ्याकडचा गडी, ओठ फाटलेला, शहरात जामिनाला उभे राहणारे कोणी नाही.

"साहेब, मी उडवलं असतं तं थांबलो काहून असतो?" एवढेच तो पुन्हा पुन्हा विचारी.

टिप्पर मी स्वतः तपासला. धूळ जशीच्या तशी, ओरखडा कुठेच नाही. पण साक्षीदार हवे तितके होते, आणि वरून फोन आला, "ड्रायव्हर मिल गया ना? चालान पेश करो."

"लेखी आदेश द्या, साहेब," मी म्हणालो. असले आदेश लेखी कोण देतो? फोन आपटला गेला. चालान, म्हणजे आरोपपत्र, मी लिहायला घेतले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बस पॉलिश करणारा एक कारागीर ठाण्यात भांडत आला. एका ट्रॅव्हल्सच्या मॅनेजरने त्याला उघड्या मैदानात, डोक्यावर ऊन असताना बस चमकवायला सांगितली होती. याने नकार दिला म्हणून मॅनेजरने त्याचे घासायचे मशीन हिसकावून ठेवले. हवालदार त्याला हाकलायच्या बेतात होता.

"धूप में नहीं करूँगा, बोल दिया," तो हवालदारावर ओरडला. "बोले, अभी करो, सिर्फ बायीं साइड करो. अरे, आधी बस कौन चमकाता है?"

मी हातातले पेन खाली ठेवले. शिपाई असताना पोलीस लाइनीत परेडसाठी मीही गाड्या घासल्या होत्या. तापलेल्या पत्र्यावर मेण लावले की फडके फिरायच्या आधीच वाळते आणि पांढरे चट्टे धरते. म्हणून हे काम पहाटे किंवा सावलीतच करतात. संध्याकाळपर्यंत थांबायचीही ज्याची तयारी नाही, त्याला काहीतरी झाकायचे असणार. आणि रस्त्याच्या कडेने जाणारी सायकल बसच्या डाव्या बाजूलाच लागते.

मी तडक मैदानावर गेलो. मॅनेजरने स्वतःच हात चालवला होता, बसची डावी बाजू चट्ट्यांनी भरली होती.

"मालक कौन है, मालूम है?" त्याने विचारले.

"ते नंतर सांग. एकच बाजू का?"

"रूटीन काम है साहब. दायीं भी होगी."

"मग कर. आत्ता, माझ्यासमोर."

त्याने डबा उघडला. हातभर पत्र्यावर मेण फासले, फडके तिथेच चिकटले, तळहात पोळला. मी त्याच्यावर हात उचलला नाही की आवाज चढवला नाही, नुसता उभा राहिलो. शेवटी डबा खाली ठेवून तो बसच्या पायरीवर बसला.

"भैया ने बोला था, शाम की ट्रिप से पहले निशान मिटाओ."

भैया म्हणजे मालकाचा मुलगा. त्या सकाळी बस तोच चालवत होता. मेण वाळून बसल्यामुळे खाली सायकलचा हिरवा रंग अडकून राहिला होता. पंचांसमक्ष तो खरवडून सील केला, प्रयोगशाळेत रंग जुळला आणि भैयाला मी अटक केली. पॉलिशवाल्याला शहरात काम मिळू देणार नाही, अशी मॅनेजरने धमकी दिली होती. "न मिले," म्हणत त्याने जबाबावर सही ठोकली आणि परत मिळालेले मशीन उचलून निघून गेला.

महिनाभरात माझी बदली झाली. होऊ दे म्हटले. सामान बांधायला मला वेळ लागत नाही.

या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली. जखमीला उचलणाऱ्याला आपण आत टाकले, की ते पाहणारे शंभर लोक पुढच्या वेळी गाडी न थांबवता निघून जातात. एखादा गुन्हेगार सुटला तर मला राग येतो, पण याची मला भीती वाटते. म्हणून टिप्परचालक सुटला त्या दिवशी मी त्याला मुद्दाम विचारले, "आता रस्त्यात कोणी पडलेला दिसला तर थांबशील?"

"हव, थांबीन," तो माझ्या डोळ्यांत बघत म्हणाला. "पण तुमच्या इथल्या लोकायले सांगून ठेवा साहेब. पहिले त्याले उचला, मंग मले मारा."