आक्कांची जीप आणि माझं नाक

"आधी पुसा, मग बघा," हे आक्कांचं ठरलेलं वाक्य होतं.

एकदा माळ्यावरून डबा काढताना पत्र्याचा कोपरा माझ्या कपाळाला लागला. तोंड रक्तानं भरलं, बायकोनं आरडाओरडा करून गल्ली गोळा केली, कुणीतरी रिक्षा आणायला धावलं. आक्का समोरच्या घरातून ओला टॉवेल घेऊन आल्या. "आरडू नका गं. आधी पुसा, मग बघा." पुसल्यावर निघालं नखाएवढं खरचटलेलं. रिक्षावाला तोवर दारात येऊन उभा होता. त्याला चहा देऊन परत पाठवावं लागलं.

आक्का म्हणजे बेळगावच्या अनगोळात आमच्या समोर राहणाऱ्या सिस्टर. जन्मभर त्यांनी सरकारी दवाखान्यांत नर्स म्हणून काम केलं. लसीची पेटी मांडीवर घेऊन ज्या जीपमधून त्या खेडोपाडी हिंडल्या, ती जीप पुढं लिलावात निघाली. भंगारवाल्याच्या हाती लागायच्या आत आक्कांनी ती घेतली आणि निवृत्तीनंतर चालवायलाही शिकल्या. यजमान केव्हाच वारले होते, मुलगा पुण्याला. गल्ली म्हणाली, "सिस्टर रिटायर झाल्या आणि जीपलाबी पेन्शनीवर घरी घेऊन आल्या." हा विनोद पुढं आक्का स्वतःच पाहुण्यांना ऐकवत.

तुमच्याही ओळखीत असं एखादं जुनं वाहन आणि त्याला जीव लावणारं माणूस असेल, तर पुढचं सांगायला नको. जीप गळायची. आज इथून, उद्या तिथून. सकाळी बायका दारात सडा घालत तेव्हा आक्का जीपखालचा पुठ्ठा ओढून काढत आणि आपण पेपर बघतो तसा बघत बसत. थेंबाला बोट लावायचं, चोळायचं आणि नाकाशी न्यायचं. काळं, चिकट ते इंजिनाचं ऑइल. हिरवट आणि गोड वासाचं ते रेडिएटरचं पाणी. पण चाकाच्या आतल्या बाजूला फिकट, पाण्यासारखं काही दिसलं की त्या बोलायच्या थांबत. ते ब्रेक ऑइल असू शकतं. ते गळालं तर ब्रेक लागणार नाही, हे मलाही त्यांनीच सांगितलं.

एकदा क्लचच्या खाली रोज तेलाचा डाग पडू लागला. मी आपलं शहाणपण दाखवलं, "इथंच गळालंय आक्का, बघा की." त्या हसल्या. "मास्तर, पोटात दुखतंय म्हणून पेशंट येतोय, आणि निघतंय भलतंच. थेंब पडतोय तिथं दुखणं नसतंय." त्यांनी सगळं इंजिन रॉकेलच्या फडक्यानं पुसून काढलं, कोरडं केलं आणि त्यावर चक्क लहान बाळाची पावडर शिंपडली. इंजिन थोडा वेळ चालू ठेवलं. वरच्या झाकणाच्या कडेला पांढऱ्या पावडरीत एक काळी, ओली रेघ उमटली. तेल तिथून निघून पार मागं येऊन ठिपकत होतं. झाकणाचं पॅकिंग बदललं आणि डाग थांबला. दोन दिवस जीप मात्र नुकतीच न्हाऊ घातल्यासारखी घमघमत होती.

दर रविवारी ही जीप बेळगुंदीला जायची. तिथल्या उपकेंद्रात आक्कांनी बरीच वर्षं काढली होती. ज्यांची बाळंतपणं केली त्या बाया आता म्हाताऱ्या झाल्या होत्या. त्यांचं बीपी तपासायचं, गोळ्या घेतात का बघायचं, एखादीला बेळगावला डॉक्टरकडं आणायचं. येताना मागं रताळ्यांचं पोतं असे आणि गल्लीभर वाटणी होई. रविवारी आक्कांचा चेहराच वेगळा दिसायचा. मुलगा म्हणायचा, आई, गाडी विक आणि इकडं ये. त्या म्हणायच्या, "माझा रविवार कोण करंल?"

मग कोरोनाचा ताप गल्लीत सगळ्यांनाच येऊन गेला. आक्काही उठल्या, हिंडूफिरू लागल्या. एका सकाळी मी शाळेला निघालो तर दारातच डिझेलचा भपकारा आला. आक्का पुठ्ठ्यापाशी बसल्या होत्या. बोट नाकाशी नेऊन म्हणाल्या, "पाणी हाय."

"आक्का, डिझेल हाय की! हितनं वास यायलाय."

त्यांनी परत बोट हुंगलं. मग माझ्याकडं बघितलं. मला एकदम कळलं.

"कवापास्नं?"

"तापापास्नं. काय म्हंजे कायच येत न्हाय." मग आवाज खाली आणून, "मास्तर, गल्लीत बोलू नका. पोराला कळलं तर गाडी ऱ्हायची न्हाय."

मी बोललो नाही. पण दुसऱ्या दिवसापासून सकाळी चहाचा कप घेऊन मी पुठ्ठ्यापाशी जाऊ लागलो. आक्का डोळ्यांनी बघत, मी नाकानं. अडचण एवढीच की माझं नाक अगदी बिनकामाचं. आक्कांनी मग चार वाट्यांत चार प्रकार काढून माझी परीक्षाच घेतली. डोळे मिटायला लावले आणि एकेक वाटी नाकाखाली धरली. रेडिएटरच्या पाण्याला मी काकवी म्हणालो. ब्रेक ऑइलला म्हणालो, माशाचं कालवण. "नापास," आक्का म्हणाल्या, "उद्या परत बसा." बायको दारातून ओरडली, "घरात दूध करपलं तरी ह्यास्नी कळत न्हाय, आणि निघाल्यात जीप हुंगायला!" पण हळूहळू जमलं. पास झालो त्या दिवशी आक्कांनी मला पेढा दिला आणि स्वतः अर्धा खाऊन म्हणाल्या, "गोड हाय एवढं कळतंय. पेढा हाय, हे तुम्ही म्हणतासा म्हणून."

अशी बरेच दिवस गाडी चालली. एका रविवारी मात्र मी सर्दीनं पार चोंदलेलो होतो. आदल्या संध्याकाळी आक्कांनी जीप धुतली होती. सकाळी मागच्या चाकाच्या आत फिकट थेंब. बोटाला बुळबुळीत लागत होते. आक्कांनी हुंगलं, मी हुंगलं, दोघांनाही कसलाच वास येईना. बेळगुंदीच्या बाया वाट बघत असणार. शेवटी बायकोला हाक मारली. तिनं वाकून वास घेतला आणि म्हणाली, "अवो, साबणाचं पाणी हाय हे!"

ब्रेक ऑइलची डबी उघडून बघितली, काठोकाठ भरलेली. मी हसलो. "चला आक्का, निघा. गाडी ठणठणीत हाय."

आक्का हसल्या नाहीत. पायरीवर बसल्या. "गाडी ठणठणीत हाय मास्तर. मी न्हाय."

"पाणीच निघालं की आक्का."

"निघालं. कळलं कुणाला? वहिनींना. जिचं दुखणं मला कळंना, तिच्यात म्हाताऱ्या बायांना बसवून मी फिरवू?"

"मी हाय की."

"तुम्हाला सर्दी झाली की बेळगुंदीनं थांबायचं व्हय?"

त्या दिवशी आक्का बीपीचं मशीन मांडीवर घेऊन बसनं बेळगुंदीला गेल्या. आपण मागच्या आठवड्यात काढा घेतला असता तर, असं मला दिवसभर वाटत राहिलं. फार वाईट वाटलं. आठवड्याभरात आक्कांनी जीप विकली, आणि दिवाळीनंतर मुलगा येऊन आक्कांना पुण्याला घेऊन गेला.

पुण्याहून रविवारी फोन येऊ लागला. आधी तब्येती, मग बेळगुंदीच्या बाया, आणि मग हळूच, "आज काय वास येतोय गल्लीत?" कोपऱ्यावरच्या मिठाईवाल्याकडं कुंद्याचं दूध आटत असायचं, कुणाकडं सुकट भाजत असायची. मी फोन कानाला लावून दारात उभा राहून सगळं सांगायचो. पोरं बघून हसायची.

आक्का वारल्या, त्याला आता वर्ष होत आलं. त्यांचा एक फोन माझ्या मनातून जात नाही. पुतण्याच्या साखरपुड्याला मी निपाणीला गेलो होतो. कार्यालयाबाहेर आलो तर समोर तंबाखूची वखार, दार सताड उघडं. मीच फोन लावला.

"आक्का, निपाणीत हाय. वखारीसमोर."

"बाया हाईत आत?"

"हाईत. पाला निवडायल्यात." एवढं म्हणेपर्यंत मला जोराची शिंक आली.

"माझी आई ह्याच कामात व्हती," आक्का म्हणाल्या. इतक्या वर्षांत हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. "सांजचं घरी आली की लुगड्याला ह्योच वास. आमी पोरं शिंकायचो आणि तिला म्हणायचो, लांब बस. सांगा की, कसा हाय?"

मी मास्तर माणूस, पण शब्द सापडेनात. "उग्र हाय. घशात बसतोय. पण मागनं जरा गोड लागतोय, गुळासारखा."

"व्हय," आक्का म्हणाल्या. "मागनं गोड."

आतून मला जेवायला हाका येत होत्या. डोळ्यांत पाणी आलं होतं, तंबाखूनं म्हणा. "बोलवायल्यात आक्का," मी म्हणालो, "ठेवू?"

"मास्तर," त्या म्हणाल्या, "अजून जरा तिथंच थांबा की."