डिकीतली जागा

आमच्या थोरल्या जाऊबाईंना सगळी वस्ती मास्तरीणबाई म्हणते. शाळाबिळा काही नाही हं. त्या बायकांना गाडी चालवायला शिकवतात. पुरुषांना का शिकवत नाही, असं एकदा कुणीतरी विचारलं, तर म्हणाल्या, "पुरुषांना सगळं आधीच येत असतं. मी काय शिकवणार, कपाळ?" मी इतकी हसले की चहा नाकात गेला.

गाडी जुनी, लांबुडकी, रंग उन्हाने विटलेला. शेजारच्या सीटपुढे जाऊबाईंसाठी वेगळा क्लच आणि ब्रेक बसवलाय. मागे डिकीत एक काळा चपटा डबा आहे, तो चेंजर. त्यात सहा सीड्या मावतात. पुढे टेपवर आकडा दाबला की मागच्या मागे सीडी बदलते. आता असलं काही कुणी वापरत नाही, ठाऊक आहे मला. पण जाऊबाईंची सगळी शिकवणी त्या डब्यावर चालते. हे ज्याला ठाऊक नाही त्याने त्या गाडीला भंगार म्हणू नये. माझं डोकं फिरतं.

एक नंबरला संथ बासरी, पहिल्या दिवशी हातपाय लटपटणाऱ्यांसाठी. पुढे नंबर वाढेल तशी गाणी चढत जातात. सहावा कप्पा रिकामा. सहा नंबरला पोचलेल्या बाईने गाणं नाही, इंजिन ऐकायचं. म्हणजे ती तयार झाली. आणि खरी गंमत पुढेच आहे. खड्ड्याचे हादरे तो डबा निमूट सोसतो, पण क्लच झटक्यात सोडला आणि गाडीने आचका दिला, की गाणं अडखळलंच म्हणून समजा. तेव्हा जाऊबाई रागावत नाहीत, काही बोलतच नाहीत. शिकणारीच ओशाळून म्हणते, "पुन्हा करते." मीही तशीच शिकले. किती तरी दिवस दोन नंबरवर रेंगाळले होते. घरातले अजून चिडवतात.

तर या मास्तरीणबाई पडल्या. गाडीत नाही, स्वयंपाकघरात, ओल्या फरशीवर. डाव्या खुब्याचं ऑपरेशन झालं. भावजींनी, म्हणजे त्यांच्या नवऱ्याने, त्यांची सेवा केली, खोटं कशाला बोलू? न्हाऊमाखू घालण्यापासून सगळं केलं. पण माणूस आतून पार घाबरला. जाऊबाई वॉकर धरून चालायला लागल्या, डॉक्टरांनी पाय दाबून, वाकवून बघितला आणि शिकवायला हरकत नाही म्हणाले, तरी भावजींचं एकच पालुपद. गाडी आता पुरे, विकून टाकू.

"अहो, पडले मी स्वयंपाकघरात आणि विकायची गाडी?" जाऊबाई उसळून म्हणाल्या. "स्वयंपाकघर विका की!"

मग एका सकाळी त्यांनी नर्सबाईंना बोलावलं. या बाई तीन नंबरपर्यंत आल्या होत्या आणि जाऊबाईंच्या आजारपणात तिथेच अडकल्या होत्या. दवाखान्यात सुई टोचताना यांचा हात हलत नाही, पण स्टिअरिंग धरलं की घामाने निथळतात. मी मागच्या सीटवर बसले होते. तीन नंबर लागला, आणि गाडी जागची हलायच्या आत गाणं अडखळलं.

"अहो, मी अजून काही केलंच नाही!" नर्सबाई म्हणाल्या.

गाडी निघाली तर गाण्याचे तुकडे तुकडे. दोन शब्द वाजायचे, चार गिळायचे. नर्सबाईंचा चेहरा पडत गेला. गल्लीच्या टोकाला त्यांनी गाडी थांबवली, हात मांडीवर घेतले आणि म्हणाल्या, "मी सगळं विसरले, मास्तरीणबाई. मला नाही जमायचं हे." उतरल्या आणि चालत घरी गेल्या. जाऊबाईंनी किती हाका मारल्या! रडताना मी त्यांना ऑपरेशनच्या वेळीही पाहिलं नव्हतं, त्या दिवशी पाहिलं.

गल्लीतल्या टेपवाल्याने सीटवर बसून दोन गाणी ऐकली आणि निकाल दिला, "सीडी वाचणारी लेन्स गेली. याचे पार्ट आता मिळत नाहीत. मोठा स्क्रीन बसवून देतो, मोबाईल जोडा नि ऐका."

"मोबाईलचं गाणं अडखळतं का?" जाऊबाईंनी विचारलं.

"छे हो! गाडी उलटली तरी वाजत राहील."

"मग ते माझ्या काय कामाचं?"

तो बिचारा बघतच राहिला. कुणीतरी चांगला माल नाकारतंय, तेही चांगला आहे म्हणून, हे त्याच्या गावीही नव्हतं.

भावजींना मात्र आयतं निमित्त मिळालं. त्यांनी गिऱ्हाईक आधीच बघून ठेवलं होतं. तो माणूस रविवारी गाडी बघायला येणार होता. हे कळल्यावर घरात जो काही आवाज झाला तो शेजाऱ्यांनीही ऐकला. शेवटी जाऊबाई शांत झाल्या आणि म्हणाल्या, "रविवारी तो यायच्या आत गाणं सरळ वाजलं, तर गाडी राहील. नाही वाजलं, तर किल्ली तुम्ही द्या त्याला. मी तोंडातून ब्र काढणार नाही."

भावजी लगेच हो म्हणाले. का नाही म्हणतील? टेपवाल्याचा निकाल त्यांच्या खिशात होता. मला त्यांचा भयंकर राग आला आणि मी तो त्यांच्या तोंडावर बोलूनही दाखवला.

रविवारी सकाळी आम्ही दोघी कामाला लागलो. जाऊबाई पुढे बसून आकडे दाबायच्या, मी मागे डिकीशी वाकून डब्याला कान लावायचे. पडल्यापासून त्यांनी डिकी उघडलेलीच नव्हती. वॉकर ठेवायचं-काढायचं काम भावजींचं. आधी नवी कोरी सीडी घालून बघितली, तीही अडखळली. सगळे कप्पे फिरवले. इंजिन बंद करून बघितलं, तरी तेच रडगाणं.

"लेन्स गेली असती तर त्याने सीडी वाचलीच नसती," पुढून जाऊबाई ओरडल्या. "हा वाचतोय आणि धडपडतोय. खालची वायर बघ बरं, दबलीय का कुठे."

मी डबा धरणाऱ्या पट्टीचे स्क्रू काढले, वायर तशीच राहू दिली आणि डबा डिकीतल्या गालिच्यावर निजवला. गाणं एकदम स्वच्छ वाजायला लागलं. एक कडवं गेलं, दुसरं गेलं.

"अगं, काय केलंस काय?"

"काही नाही हो! नुसता आडवा ठेवला."

"आडवा ठेवला म्हणजे? तो आडवाच असतो."

"आता उभा होता. बाजूच्या पत्र्याला टेकवून स्क्रू मारले होते."

त्या वॉकर टेकत मागे आल्या. डब्याच्या दोन्ही कडांना बोटाएवढ्या गोल चकत्या होत्या, त्यांच्यावर बाण. जाऊबाईंनी त्यांवरून बोट फिरवलं. "आत स्प्रिंगा असतात. डबा आडवा बसवला तर बाण इकडे, उभा बसवला तर तिकडे. बसवणाऱ्याने मला दाखवलं होतं. बाण आडव्याचे आणि डबा उभा, मग तो बिचारा तरी काय करणार? पण हा उद्योग केला कुणी?"

"मी," मागून भावजी म्हणाले. हातात चहाचे कप होते. "दवाखान्यातून तुला आणायचं होतं. वॉकर मावेना डिकीत. म्हटलं, डबा जरा उभा करू."

मला हसू फुटणार होतं, पण त्यांचा चेहरा बघून मी ते गिळलं. इतके दिवस मी त्यांच्या नावाने बोटं मोडत होते, आणि ते खरंच तोंडात मारल्यासारखे उभे होते.

मग तेच म्हणाले, "सोपं आहे की आता. चकत्या फिरवा, डबा उभाच राहू दे. गाणंही वाजेल, वॉकरही मावेल."

यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. मी स्क्रूड्रायव्हर उचललासुद्धा.

"ठेव तो खाली," जाऊबाई म्हणाल्या. "डबा आडवाच बसेल."

"आणि वॉकर?" भावजींनी विचारलं.

"घरी राहील."

"वाटेत उतरावं लागलं तर? पुन्हा पडलीस तर?"

"तुम्ही घाबरलात, कळतं मला. मी घाबरले नव्हते का? त्या फरशीवर पडले तेव्हा वाटलं, संपलं माझं. आणि घरी येऊन बघते तर तुम्हीही तेच धरून बसलेले. माझ्या गाडीत वॉकरला ऐसपैस जागा, आणि माझी शिकवणी कोपऱ्यात उभी! हे मी खपवून घेणार नाही. घरात घेईन वॉकर, अंगणात घेईन. गाडीत नाही. गाडीत मी मास्तरीण आहे."

मी डबा जुन्या जागी आडवा बसवला आणि स्क्रू असे आवळले की पुन्हा कुणाची टाप नाही तो हलवायची.

जाऊबाईंनी नर्सबाईंना फोन लावला. "या. चूक तुमची नव्हती, आमची होती," एवढंच म्हणाल्या. नर्सबाई आल्या, अर्ध्या मनाने का होईना. गाडीच्या दारापर्यंत जाऊबाई वॉकर धरून गेल्या. तिथे त्यांनी तो मिटला, भावजींच्या हातात दिला, गाडीची कड धरली आणि आत बसल्या. मग डाव्या पायाने आपला क्लच तळापर्यंत दाबून बघितला. कळ आली का, हे मी त्यांच्या चेहऱ्यावर शोधत होते, भावजीही शोधत होते. नाही आली.

तीन नंबर लागला. नर्सबाईंनी क्लच सोडला, गाडीने आचका दिला, गाणं अडखळलं. जाऊबाई समोर बघत गप्प बसल्या.

"पुन्हा करते," नर्सबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या तोंडावर हसू होतं.

दुसऱ्यांदा गाडी अलगद निघाली. काचा खाली होत्या. कोपऱ्यावर वळली, दिसेनाशी झाली, तरी गाणं ऐकू येत होतं, सलग, कुठे न तुटता. मला भरून आलं आणि मी ते लपवलंही नाही.

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. भावजी फाटकात वॉकर धरून उभे.

"गाडी बघायला आलो होतो. कुठाय?"

"शिकवायला गेलीय."

"मग थांबू का?"

"नका थांबू. ती विकायची नाही," भावजी म्हणाले. मग त्यांनी वॉकर उघडला, रस्त्याच्या कडेला गेले आणि गाडी परत आल्यावर जाऊबाईंचं दार जिथे येईल, तिथे तो नीट उभा करून ठेवला.