कानामागचा काळा डाग

तापाचा सहावा दिवस होता. राउंडला आलेल्या डॉक्टर मॅडमनी माझी वेणी बाजूला केली, कानामागे टॉर्च मारला आणि विचारलं, "हे कधीपासून आहे गं?"

"पुटकुळी असेल, मॅडम."

"पुटकुळीला अशी काळी खपली नसते. याला एस्कार म्हणतात." गोचीड चावतो तिथली कातडी मरते आणि काळी पडते, तो एस्कार. माझ्या तळहातांवर आणि तळपायांवर लाल पुरळ होतंच. "हा स्पॉटेड फीवर दिसतोय. गोचिडाच्या चाव्यातून जंतू अंगात जातात, त्याचा ताप. कुठे गेली होतीस?"

पप्पा शेजारी स्टुलावर बसले होते. मी गप्प राहिले.

का गप्प राहिले, ते आधी सांगते. तुमच्यापैकी कुणी डॉक्टरांपासून असंच काही लपवत असेल, तर कदाचित उपयोग होईल.

आम्ही मानखुर्दला राहतो. पप्पा देवनारला जनावरांच्या शेडमध्ये झाडलोट करतात. घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. "तुझ्या हाताला शेणाचा वास येता कामा नये," हे पप्पांचं ठरलेलं वाक्य. आणि झूलॉजीच्या शेवटच्या वर्षाला मी प्रोजेक्ट घेतला तो गोचिडांवर. दर शनिवारी मी बोरिवलीला, जंगलालगतच्या एका तबेल्यामागे गवतात जात होते. घरी सांगायचे, लॅब आहे.

काम मला मनापासून आवडतं. जनावराच्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडच्या मागावर गोचीड चालत येतात. म्हणून आम्ही भोकं पाडलेल्या थर्माकोलच्या डब्यात ड्राय आइस ठेवतो, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड. डबा पांढऱ्या चादरीवर, चादरीच्या कडेला चिकटपट्टी. शिवाय एक कापसाचा बोळा. जनावराला चिकटलेले गोचीड जो वास सोडून बाकीच्यांना बोलावतात, तसलं रसायन त्यावर असतं. म्हशींना चिकटण्याआधीच गोचीड गवतात पकडता येतील का, ते आम्ही बघतोय.

त्या शनिवारी ड्राय आइस लवकर उडून गेला. मोजणी बाकी होती, म्हणून मी चादरीशेजारीच बसून जेवणाचा डबा खाल्ला. श्वास मीही सोडत होते. बर्फ संपल्यावर त्या गवतातला सापळा मीच होते, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

घरी गेल्यावर सगळं अंग तपासायचं, केस, कानामागे, काखा, असा प्रोजेक्टच्या सरांचा कडक नियम. पण आमची खोली एकच. मोरीला नुसता पडदा, आणि पडद्याबाहेर पप्पा चहा पीत होते. एवढा वेळ आत काय करतेस, असं विचारलं असतं तर? मी चार तांबे अंगावर ओतले आणि बाहेर आले.

आठवड्याभराने थंडी वाजून ताप आला. डोकं ठणकायचं, सांधे दुखायचे. डेंग्यू निगेटिव्ह, मलेरिया निगेटिव्ह. प्लेटलेट, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या पेशी, रोज कमी होत होत्या. चौथ्या दिवशी घाटकोपरच्या एका हॉस्पिटलमध्ये ॲडमिट केलं. तिथे विचारलं होतं, बाहेरगावी, जंगलात कुठे गेली होती का. उत्तर पप्पांनीच दिलं, "छे हो! कॉलेज ते घर, एवढंच तिचं."

मी मान हलवली. त्या एका मान हलवण्यात दोन दिवस गेले.

आता डॉक्टर मॅडम उत्तराची वाट बघत होत्या. पप्पांकडे न बघता मी सगळं सांगून टाकलं. तबेला, गवत, डबा, सगळं.

"डॉक्सिसायक्लिन लगेच सुरू करू, रिपोर्टसाठी थांबायला नको," त्या म्हणाल्या. हे या जंतूवर नेमकं चालणारं अँटिबायोटिक. "आणखी उशीर झाला असता तर किडनीपर्यंत गेलं असतं."

त्या गेल्यावर पप्पांनी स्टूल माझ्या पायांशी ओढलं. मग म्हणाले, "आई रोज संध्याकाळी माझे कान, मान, पाठ बघते. कशाला बघते, माहितीये?"

मला माहीत होतं. लहानपणापासून बघत आले होते. पप्पा कामावरून आले की दारात पाटावर बसतात आणि आई मोबाईलचा टॉर्च घेऊन एकेक गोचीड शोधते. कॉलेजची मैत्रीण घरी यायची असली की मी दोघांना आत बसवून तेवढा वेळ दार लोटून घ्यायचे.

"गोचिडावर अभ्यास करतेस," पप्पा म्हणाले, "आणि घरात दोन माणसं गोचीडवाली, त्यांना विचारलं नाहीस. वा रे तुझं कॉलेज!"

रागावले होते, पण बोलताना माझा पाय धरून बसले होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताप उतरला. पुरळ फिकं झालं, प्लेटलेट चढल्या. आठवडाभराने घरी आले. त्या मॅडमचे आभार कसे मानायचे ते अजून सुचलेलं नाही. वेणीखाली बघायचं त्यांना सुचलं, म्हणून मी हे लिहिते आहे.

तुम्हाला एवढंच सांगेन, ताप असेल आणि तुम्ही गवतात, गुरांजवळ गेला असाल, तर न विचारताही सांगा. मुंबईतलं गवतही गवतच असतं. लाज वाटली तरी सांगा.

प्रोजेक्ट मी सोडला नाही. आता शनिवारी संध्याकाळी दारात दोन पाट असतात. आधी पप्पा, मग मी. आई टॉर्च माझ्या कानामागे धरते आणि शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणते, "पोरगी शिकली की माझं काम कमी होईल वाटलं होतं. दुप्पट झालं!"

दार उघडंच असतं.